दोन सूत माया आणि माळ्यावरची गोधडी : दुसऱ्यांदा हात घालावा का?

रीळ_संपलं
मंडळी, सव्वीस वर्षं शिवतेय. ब्लाउज (कटोरी, प्रिन्सेस, अस्तराचं, बिनअस्तराचं), परकर, पंजाबी ड्रेस, लेकीचे गणवेश, एकदा शेजारच्यांच्या सोफ्याची कव्हरंसुद्धा. अस्तराचं ब्लाउज एका दुपारी हातावेगळं करते. हे फुशारकी म्हणून नाही, पुढचं वाचून हसू नये म्हणून सांगतेय.

२०१९ साली गोधडीने माझं नाक कापलं. घरात ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांच्या चार पिशव्या होत्या. टू बाय टू, खण, इरकल, थोडं सिल्क. व्हिडिओ बघून ठरवलं, नऊ चौकोनांचे ठोकळे करायचे. साडेतीन इंचाचे चौकोन, तीन बाय तीन. हिशोबाने शिवलेला ठोकळा साडेनऊ इंच यायला हवा. माझे काही सव्वानऊ आले, काही नऊ, आणि एक महाभाग एका बाजूने साडेनऊ नि दुसऱ्या बाजूने सव्वानऊ. ४८ हवे होते, ३१ झाले. दोन ओळी एकमेकींना जोडल्या तर चौकटी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या. तरी हिंमत करून सहा ठोकळ्यांच्या तुकड्याखाली भरण आणि अस्तर घालून वरून टिपा मारल्या. वरून ठीक. खाली उलटं करून बघितलं तर चुण्याच चुण्या. मोदकाला पडल्या असत्या तर मिरवल्या असत्या.

त्या दोन ओळी उसवल्या, सगळ्याचं गाठोडं केलं आणि माळ्यावर टाकलं. परवा दिवाळीची साफसफाई करताना ते डोक्यात पडलं. आता विचारतेय: परत हात घालू का? आणि घातला तर सुरुवात कुठून? एवढी वर्षं शिवणाऱ्या बाईला साधे चौकोन जोडता येऊ नयेत, हे काही पचत नाहीये.

आंबटगोड
आधी फोटो.

पेठेतला
शीर्षकात 'माळ्यावरची' वाचून माळ्यावर कोण बसलंय ते बघायला आलो. इथे तर खरंच शिवणकाम निघालं. आलोच आहे तर बसतो.

ओहायोकर
रीळताई, परत हात घालाच. चूक तुमच्या हाताची नाहीये, सवयीची आहे. मीही इकडे येण्याआधी दहा वर्षं ड्रेस शिवायचे आणि इथल्या क्विल्टवाल्या बायकांच्या गटात पहिल्याच महिन्यात माझी अशीच शोभा झाली.

कपडे शिवताना आपण अर्धा इंच, पाऊण इंच आत घेतो. क्विल्टमध्ये पाव इंच, आणि तोही काटेकोर. खरं तर पाव इंचापेक्षा दोराभर कमी, कारण शिवण उलगडून इस्त्री केली की कापडाच्या घडीतच थोडी रुंदी जाते. तुमच्याच ठोकळ्याचा हिशोब बघा. तीन चौकोन मिळून साडेदहा इंच. एका ओळीत दोन शिवणी, म्हणजे चार कडा आत जातात. पाव इंचाने एक इंच गेला, साडेनऊ उरले. प्रत्येक कडेला एक-सोळांश जास्त गेलं तर सव्वानऊ. एक-अष्टमांश जास्त गेलं तर बरोबर नऊ. म्हणजे तुमच्या चुकासुद्धा मापात आहेत!

एक चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा आणि एकमेकींना जोडा. इस्त्री करून मधली पट्टी मोजा. ती एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. भरली नाही तर आधी मशिनीवर पाव इंचाची खूण ठीक करा, मगच पुढचं कापड कापा. प्रेसर फूटच्या (सुईखाली कापड दाबणाऱ्या पायाच्या) कडेवर भरवसा ठेवू नका, ते अंतर प्रत्येक मशिनीत वेगळं असतं.

आणि इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. घासली की चौकोनाचा पतंग होतो.

रंधा
मी सुताराचा मुलगा, शिवणातलं शून्य कळतं. पण हे 'एक-सोळांश' वगैरे वाचून राहवेना. आमच्याकडे इंचाचे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. ताईंचा फरक अर्ध्या सुताचा. खिडकीच्या चौकटीत अर्धा सूत चुकला तर वडील काही बोलायचे नाहीत, फक्त पटाशी खाली ठेवायचे. ते जास्त लागायचं.

करवतीच्या पात्याची जाडी धरली नाही तर सहा फळ्यांनंतर कपाट बसत नाही. तुमचं 'घडीत जाणारं कापड' तेच दिसतंय.

रीळ_संपलं
@ओहायोकर, @रंधा, तुम्ही दोघांनी मिळून माझी सव्वीस वर्षं दोन ओळींत उघडी पाडली.

ब्लाउजला बाजूच्या शिवणीत आम्ही इंच-इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो. बाई दोन महिन्यांनी येते, "जरा सैल करून द्या" म्हणते, आपण उसवून देतो. कापताना थोडं इकडेतिकडे झालं तरी माया सांभाळून घेते. बाही मुंढ्यात बसेना तर थोडी खेचून, थोडी जिरवून बसवायची, कोणाला कळत नाही. माझी सगळी हातचलाखी या मायेवर उभी आहे. आणि या चौकोनांत माया किती, तर दोन सूत! जिरवायला जागाच नाही.

पेठेतला
नात्यांतही हल्ली दोनच सूत माया असते. (बरं, बरं, जातो.)

माणदेशी
इथे एक घोळ होतोय असं वाटतं. तुम्ही सगळे क्विल्टबद्दल बोलताय आणि म्हणताय गोधडी. आमच्याकडे वाकळ म्हणतात. तिच्यात चौकोनाला चौकोन जोडतच नाहीत.

आई आणि चुलती ओसरीवर साडी अंथरायच्या, त्यावर दुसरी, फाटकं धोतर असेल तर ते मध्ये. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे हाताला येईल ते वजन. मग ठिगळं वरून ठेवायची. कडा बोटाने आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदमच धरून शिवायचं. एक ठिगळ दुसऱ्यावर चढलं तरी चालतं, चढवायचंच असतं. माप नाही, खडू नाही, इस्त्री तर घरात नव्हतीच. काठापासून सुरू करून फेऱ्या घालत आत यायचं. दोघी समोरासमोर बसायच्या आणि मध्यावर गाठ पडायची.

त्यामुळे अर्धा सूत चुकला हा प्रश्नच उद्भवत नाही. सूतच नाही तर चुकणार काय?

सुपारी_बाग
माणदेशींना अनुमोदन. आमच्या उत्तर कन्नडकडे, यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी बायका कवंदी करतात, तीही अशीच कडेकडून आत येते. मुळात आफ्रिकेतून आलेले हे लोक, आता कानडी-कोंकणी बोलणारे. कवंदी झाली की चारी कोपऱ्यांवर कापडाच्या लहान तिकोनी घड्या शिवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं धरतच नाहीत. ओळीत ओळ तर कधीच नसते, आणि बघत राहावंसं वाटतं.

निशिगंध७
पैज लावते. आता पाच प्रतिसादांच्या आत कोणीतरी 'आजीच्या गोधडीची ऊब' लिहिणार.

कोकणी_मेवा
आजीच्या गोधडीची ऊब कुठल्याही महागड्या ब्लँकेटला येणार नाही.

निशिगंध७
एकाच प्रतिसादात! नवा विक्रम.

कोकणी_मेवा
अगं मी पैज वाचलीच नव्हती, खरंच लिहिलं. 😀 पण आता खरं सांगायचं तर आमच्या आजीची गोधडी ओल्या कुत्र्यासारखी वासाची होती. पावसात तीन-तीन आठवडे सुकायची नाही. चुलीवर दोरी बांधून वाळवायची, मग धुराचा वास. ऊब होती, नाही असं नाही.

माणदेशी
धुण्यावरून आठवलं. आमच्याकडे नवरात्राआधी, घट बसायच्या आत, घरातली सगळी धुणी नदीवर. वाकळा बैलगाडीत घालून न्यायच्या. ओली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही, दोघांनी दोन टोकं धरून पीळ घालायचा. आम्ही पोरं पीळ घालताना मुद्दाम टोक सोडायचो आणि समोरची चुलती पाण्यात बसायची. नंतर काय व्हायचं ते लिहीत नाही.

खडूस_पण_खरा
विषयाकडे येऊया का? बाजारात तयार दोहर मिळते, मऊ असते, मशीनमध्ये धुता येते. चार पिशव्या चिंध्यांसाठी वर्षभर पाठ मोडून घ्यायची, हे मला तरी कळत नाही. गाडगेबाबांनी ठिगळांचं वस्त्र घातलं ते हौस म्हणून नव्हे.

आंबटगोड
@खडूस, हॉटेलात डोसा मिळतो म्हणून तुम्ही घरी पीठ आंबवायचं थांबवलंत का?

खडूस_पण_खरा
थांबवलंय. तयार पीठ आणतो.

आंबटगोड
मग आपलं जमणार नाही.

ओहायोकर
माणदेशींचा मुद्दा मला मान्य आहे, पण 'क्विल्ट म्हणजे मापाचं, गोधडी म्हणजे मोकळी' अशी वाटणी नको. अलाबामात जीज बेंड म्हणून एक वळणातलं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विटलेल्या डेनिमच्या पँटी आणि शर्टांच्या क्विल्ट केल्या. चौकोन वाकडे, पट्ट्या कमीजास्त, उसवलेल्या खिशाच्या जागी न विटलेला निळा डाग तसाच ठेवलेला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. माझ्या गटातल्या मापवाल्या बायकासुद्धा तो विषय निघाला की गप्प होतात.

पण त्या वाकड्या पट्ट्यासुद्धा जोडलेल्या असतात, वरून ठेवलेल्या नव्हे. वाकडं कापून सपाट बसवणं हे सरळ कापण्यापेक्षा अवघड आहे, करून बघा.

रीळताई, तुमच्या चुण्यांबद्दल कोणी बोललंच नाही. मशिनीचे दाते फक्त खालचं कापड ओढतात. वरून फूट दाबत असतो, त्यामुळे वरचा थर मागे राहतो आणि मधलं भरण कुठेतरी गोळा होतं. इकडे त्यासाठी वॉकिंग फूट मिळतो, तो वरूनही कापड ढकलतो. नसेल तर मशिनीच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू सैल करा, टाका मोठा करा, सोळा नंबरची सुई घाला. अस्तर जमिनीवर चिकटपट्टीने ताणून लावा, त्यावर भरण, त्यावर तुकडा, आणि वीतभरसुद्धा जागा पिनेशिवाय सोडू नका. साध्या सेफ्टी पिना चालतात. शिवताना मधून सुरू करून कडेला या, म्हणजे जास्तीचं कापड बाहेर सरकतं.

माणदेशी
मधून?? आमच्याकडे काठापासून आत. मधून सुरू केलं असतं तर आईने सुई हातातून काढून घेतली असती.

ओहायोकर
काठापासून आत आलात तर जास्तीचं कापड मध्यावर गोळा होईल ना?

माणदेशी
होतं की. बोटाने सारत सारत यायचं, तरी उरलं तर बारीक चुणी घालून त्यावर एक ठिगळ. आमच्या प्रत्येक वाकळेच्या मध्यावर एक ठिगळ असतंच. मला लहानपणी वाटायचं नक्षी आहे.

सुईदोरा
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला सगळे थर एकत्र उचलले जातात आणि दुसरा हात खालून सपाट करत असतो. शिवाय आत फुगीर भरण नसतं, साड्याच असतात, त्या सरकल्या तरी थोड्या. मशिनीला खालचा हात नाही. म्हणून मशीन मधून, हात काठाकडून.

मला वेगळीच भीती वाटतेय, कापडाची. @रीळ, टू बाय टू आणि सिल्क आणि खण एकाच ठोकळ्यात? टू बाय टू पातळ, खण ताठ, सिल्क निसटतं. शिवाय ब्लाउजचे तुकडे म्हणजे निम्मे उरेब, धाग्याला तिरपे कापलेले. मुंढ्याच्या खालचा तुकडा घेतला असेल तर तो ओढला की लांबणारच. तो 'महाभाग' ठोकळा बघा, त्यात असा तुकडा सापडेल.

आणि लाल खण धुऊन घेतलात का?

रीळ_संपलं
@सुईदोरा, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? महाभागात मधला तुकडा उरेब आहे. आत्ता उन्हात धरून बघितलं, धागे तिरपे. आणि नाही, लाल खण धुतला नाही.

कोकणी_मेवा
मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो.

सुईदोरा
रंगवलेल्या तयार कापडाला नंतर मीठ घालून काही होत नाही, व्हिनेगरनेही नाही. सुटणारा रंग सुटू द्यायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग ओल्या तुकड्याखाली पांढरं कापड ठेवून इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो खण पिशवीत परत.

कोकणी_मेवा
आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या मीठच घालतात.

पेठेतला
चव येत असेल.

रंधा
एक अडाणी प्रश्न. ३१ ठोकळे तयार आहेत, सगळ्यांत लहान नऊ इंची. सगळेच नऊ इंचाला छाटून टाकले तर? आम्ही फळ्या तशाच एका मापाला आणतो.

ओहायोकर
येतं तसं करता. कडेचे चौकोन थोडे बारीक दिसतील, टोकं वगैरे कापली जाण्याचा प्रश्न या नक्षीत नाही. पण नऊवाल्यांना पुढच्या जोडणीत आणखी पाव इंच जाणार, ओळी जुळवण्याची कसरत आहेच.

माणदेशी
छाटता कशाला? आणि जोडता तरी कशाला? ३१ ठिगळं तयार आहेत म्हणा. साडी अंथरा, कडा आत दुमडा, वरून ठेवा, धावदोरा.

रंधा
मग साचा करा. पुठ्ठ्याचा साडेआठ इंची चौकोन. ठोकळा उलटा, त्यावर पुठ्ठा, जे बाहेर राहील ते इस्त्रीने पुठ्ठ्यावर दुमडायचं. नऊवाला दोन सूत दुमडेल, सव्वानऊवाला तीन सूत. बाहेरून सगळे साडेआठ.

रीळ_संपलं
थांबा थांबा. हे लिहून घेते.

*(पुढचे दोन आठवडे धागा शांत. मध्ये फक्त आंबटगोड यांचे तीन प्रतिसाद : "फोटो?")*

रीळ_संपलं
आले. सांगते.

आधी ओहायोकरांची पट्ट्यांची परीक्षा दिली. मधली पट्टी सात सूत! म्हणजे प्रत्येक कडेला अर्धा सूत जास्त. सव्वानऊ का, ते कळलं. नऊवाल्यांचाही शोध लागला. ते सगळे संध्याकाळी ब्लाउजांच्या ऑर्डरी संपवून शिवलेले आहेत. हात आपोआप आत सरकत होता. ठोकळ्याच्या मागे तारीख लिहायची माझी सवय कामी आली, सगळे नऊवाले लग्नसराईतले.

मग रंधांचा साचा. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा इस्त्रीने वाकला, म्हणून बुटांच्या खोक्याचा केला. दोन संध्याकाळी कडा दुमडण्यात गेल्या. लाल खण धुतला, सहा पाण्यांनंतरही गुलाबी येत होता. ज्या ठोकळ्यांत तो होता ते पाच बाजूला काढले, तेवढे नवे शिवले, सुती तुकड्यांचे.

साडी माझी स्वतःचीच, एक मऊ झालेली सुती सहावारी. तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फूट लांबी येते, रुंदी ४५ इंच. पाच ठोकळे आडवे म्हणजे साडेबेचाळीस, अगदी पन्ह्यात बसले. आडवं अंतर जेमतेम तीन सूत मिळालं, उभ्या सहा ओळींत मात्र तीन-तीन इंच साडी दिसते. ठरवलं नव्हतं तसं. बरं दिसतंय.

शिवते हातानेच, काठापासून. माणदेशी, तुमच्या आईंना सांगा. कोपऱ्यांवर पाटा नव्हता, मिक्सरची भांडी आणि लेकीच्या स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवली. पहिल्या दिवशी माझा टाका ब्लाउजच्या हेमसारखा बारीक पडत होता, एक फेरी व्हायला अडीच तास. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं बारीक कशाला, कोण उसवायला येणार आहे?" मग तांदळाएवढा टाका धरला.

चार फेऱ्या झाल्यात. एका कोपऱ्यात चुणी आलीय, तिथे काय ठेवायचं ते आता मला माहीत आहे.

माणदेशी
आई वाचून दाखवायला लावतेय. ती विचारते, दोरा कुठला?

रीळ_संपलं
मशिनीचा दोरा दुहेरी केला होता, तुटत होता. आता जाड सुती दोरा आणलाय, मेणबत्तीवरून एकदा ओढून घेते. गाठ पडत नाही.

सुपारी_बाग
चार कोपऱ्यांना फुलं घाला. उरलेल्या एकतिसाव्या ठोकळ्याची होतील.

रीळ_संपलं
एकतिसावा म्हणजे तो महाभागच. त्याला कापायचं मन होत नाहीये, पण बघू.

खडूस_पण_खरा
माझ्याकडे बायकोच्या ब्लाउजांच्या तुकड्यांच्या दोन पिशव्या आहेत. कोणाला हव्या असतील तर पोस्टाने पाठवतो. मुद्दा तोच आहे माझा, बदललेला नाही.

आंबटगोड
😀😀 फोटो?

रंधा
मशिनीवरची खूण ठीक केलीत की नाही, ते राहिलं.

रीळ_संपलं
केली. सुईपासून दोन सुतांच्या अंतरावर जखमेची चिकटपट्टी लावली, कापड तिला टेकवून चालवायचं. ते पाच नवे ठोकळे तसेच शिवले. त्याआधी परत तीन पट्ट्या जोडल्या आणि मोजायला नवऱ्याला बसवलं, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. म्हणाला, "एक इंच."
मी म्हटलं, "सुतांत सांग."